ईवुड पार्कवरचा पाहुणा

इंग्लंडला जाऊन आलेल्या मराठी माणसाने काय पाहिलेले असावे याची एक ठरलेली यादी असते. लंडनचा टॉवर ब्रिज, स्ट्रॅटफर्डचे शेक्सपिअरचे घर, लेक डिस्ट्रिक्टमधली तळी, आणि क्रिकेटची आवड असेल तर लॉर्ड्स. 2014 साली मी मँचेस्टरला मावसबहिणीकडे तीन आठवडे राहून आलो, तेव्हा परतल्यावर नातेवाइकांनी मला याच यादीतले प्रश्न विचारले. त्यातला एक पूर्ण दिवस मी ब्लॅकबर्न नावाच्या गावी घालवला असे सांगितल्यावर बहुतेकांनी "तिथे काय आहे?" असे विचारले. प्रश्न रास्त होता. "तिथे माझा क्लब आहे," असे उत्तर मी तेव्हा छाती फुगवून देत असे. त्या वाक्यातल्या 'माझा' या शब्दाबद्दल मला आता पुरेशी खात्री उरलेली नाही. हा लेख त्या शब्दाविषयी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1994-95 च्या हंगामात मी अकरावीत होतो. तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, सिडकोच्या अंगाने वाढत होते आणि केबलची काळी वायर गच्च्यांवरून लोंबत घरोघर शिरत होती. आमच्याकडे दूरदर्शनपलीकडे काही दिसत नसे. शेजारच्या काकांकडे दिसे. तिथे रात्री इंग्लिश फुटबॉल लागे. आमच्या गल्लीतली सगळी पोरे मँचेस्टर युनायटेडची. मी मात्र अर्धा निळा आणि अर्धा पांढरा, असा मधोमध उभा दुभागलेला शर्ट घालणाऱ्या एका संघाच्या प्रेमात पडलो. कारण काय, तर तो शर्ट. (प्रेमात पडण्याची याहून भक्कम कारणे मला पुढेही कधी सापडली नाहीत.) शिवाय रोव्हर्स हे नाव मुंबईच्या रोव्हर्स कपामुळे वडिलांच्या तोंडून ऐकलेले होते. त्या कपाचा आणि या क्लबाचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे पुष्कळ नंतर कळले.

त्या वर्षी ॲलन शिअररने लीगमध्ये 34 गोल केले. 14 मे 1995 रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ब्लॅकबर्न रोव्हर्स लिव्हरपूलच्या मैदानावर 2-1 असा हरला आणि तरीही विजेता ठरला, कारण तिकडे लंडनमध्ये वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला 1-1 असे रोखून धरले होते. हा सामना मी थेट पाहिला, की पुढे कधीतरी त्याची क्षणचित्रे पाहिली, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. आठवणीत मात्र मी काकांच्या दिवाणाच्या कोपऱ्यावर बसून तो थेट पाहतो आहे. पुढच्याच वर्षी शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. 1999 मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला, 2001 मध्ये वर आला, 2002 मध्ये लीग कप जिंकला. शहाण्या माणसाने एव्हाना संघ बदलला असता. मी बदलला नाही, आणि या गोष्टीचा मला विनाकारण अभिमान होता.

लांबच्या चाहत्याला आपल्या क्लबाचे मैदान पाठ असते. रिव्हरसाइड स्टँड, डार्वन एंड, ब्लॅकबर्न एंड, जॅक वॉकर स्टँड: ईवुड पार्कच्या चारही बाजू मी झोपेत सांगू शकलो असतो. वॉकर हे त्याच गावचे पोलादाचे व्यापारी. लहानपणापासून ज्या क्लबाचे सामने पाहिले तो त्यांनी 1991 मध्ये ताब्यात घेतला, त्यात आपली संपत्ती ओतली आणि विजेतेपद पाहून 2000 साली गेले. हे सारे मला ठाऊक होते. पण त्या मैदानाला वास कसला आहे, तिथे वारा कुठून येतो, हे ठाऊक नव्हते. आणि ज्ञानाच्या या दोन प्रकारांत काही फरक आहे असेही तेव्हा वाटत नव्हते.

यात एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होणारे सामने खुद्द तिथल्या दूरचित्रवाणीवर थेट दाखवता येत नाहीत. लोकांनी घरी बसून पाहू नये, आपापल्या गावच्या मैदानावर जावे, म्हणून 1960 च्या दशकापासून तो नियम आहे. आम्हाला तो लागू नाही. म्हणजे ईवुड पार्कपासून हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस तिकीट नसेल तर रेडिओ लावून बसणार, आणि त्याच वेळी, आमच्या रात्री साडेआठला, मी सिडकोतल्या घरात पोळी-भाजी खात तोच सामना पाहणार. जवळच्याला मज्जाव आणि लांबच्याला मुभा! या सोयीमुळे आपण त्याच्यापेक्षा अधिक जवळ आहोत असा माझा समज झाला असल्यास नवल नाही.

मग 2010 च्या नोव्हेंबरात एक अजब गोष्ट घडली. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे ज्यांना सारा महाराष्ट्र 'वेंकीज' म्हणून ओळखतो त्यांनी, ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. किंमत 2 कोटी 30 लाख पौंड. ज्यांची कोंबडी आणि अंडी आमच्या गल्लीच्या टोकाला मिळत, त्यांच्या मालकीचा माझा क्लब झाला. मला झालेला आनंद बालिश होता, हे मान्य. पंधरा वर्षे मी ज्या संघाचे नाव सांगितले की लोक चेहरा कोरा ठेवत, तो आता मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता.

पुढची हकिगत जगजाहीर आहे, म्हणून थोडक्यात. महिन्याभरात व्यवस्थापक सॅम अलार्डाइस यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीन यांच्याविरुद्ध, आणि पाठोपाठ मालकांविरुद्ध, प्रेक्षकांची निदर्शने सुरू झाली. 7 मे 2012 रोजी विगनकडून घरच्या मैदानावर 1-0 असा हरून क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबाच्या रंगांचे कापड गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ते छायाचित्र जगभर छापले गेले आणि जगभर लोक हसले. मला हसता आले नाही. विनोदाचा रोख एका कंपनीकडे होता हे खरे, पण त्याची झळ थोडीशी आमच्या गावाच्या दिशेनेही येत होती, असे मला वाटले. मालकांच्या बाजूने सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. क्लबाचा तोटा भरून काढायला त्यांनी वर्षानुवर्षे मोठ्या रकमा घातल्या, आणि तसे करणारा दुसरा कुणी रांगेत उभा नव्हता, हे तिथले कठोर टीकाकारही कबूल करतात. निदर्शनांमधली एक तक्रार मात्र पैशाची नव्हती. मालक इथे फारसे दिसत नाहीत, ही ती तक्रार. गाव म्हणत होते, तुमचे पैसे येतात, तुम्ही येत नाही.

त्या वेळी मला ती तक्रार थोडी भाबडी वाटली होती. मालकाचे काम पगार वेळेवर देण्याचे. खुर्चीत बसून सामना पाहिल्याने कोणता गोल होणार आहे? शिवाय 2011 च्या ऑक्टोबरात मालकांनी संघच पुण्याला आणला. बालेवाडीच्या मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध पुणे एफसी असा मैत्रीपूर्ण सामना झाला. मी सकाळची एसटी पकडून गेलो. दुभागलेले शर्ट डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर म्हणता येईल इतके जवळ. पाहुण्यांनी 3-0 असा विजय मिळवला. परतीच्या गाडीत अहमदनगरच्या थांब्यावर चहा पिताना जाणवले की मनात काहीच शिल्लक नाही. थकवा होता, समाधान होते, पण ज्यासाठी सोळा वर्षे वाट पाहिली ते हे नव्हते. खेळाडू तेच, शर्ट तोच, फक्त मैदान सोबत आलेले नव्हते. देवळातली उत्सवमूर्ती पालखीत बसून गावोगाव फिरते, लोक तिला मनोभावे हात जोडतात, आणि तरी मूळ ठाण्यावर जायचे राहून गेले ही हुरहूर त्यांना असतेच. तसे काहीसे.

देवळाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. अशा प्रवासाला 'वारी' म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. लॉर्ड्सला 'क्रिकेटची पंढरी' म्हटल्याशिवाय आपल्या क्रीडापत्रकारांचा लेख पुरा होत नाही. मला ही उपमा कधी पटली नाही. वारी पोचण्यात कमी आणि चालण्यात जास्त असते. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर चालून जे लिहिले, त्यात देवळापेक्षा दिंडी कितीतरी मोठी आहे: सोबत चालणारी, सोबत गाणारी आणि जेवायला मात्र वेगवेगळ्या पंगतींत बसणारी माणसे. मी एकटा विमानात बसून गेलो. वाटेत कुणी कुणाच्या पाया पडले नाही. शिवाय विठोबा भक्ताची वाट पाहत उभा आहे, अशी निदान आपली समजूत आहे. ईवुड पार्क माझी वाट पाहत नव्हते.

उपमा हवीच असेल तर मी कुलदैवताची घेईन. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांचे कुलदैवत भलत्याच जिल्ह्यात, आडगावात असते. पूर्वज कधीकाळी तिथून निघाले, नाते तेवढे उरले. लग्नानंतर एकदा, मुलाच्या जावळाला एकदा आपण तिथे जातो. त्या गावात आपली जमीन नाही, घर नाही, कुणी ओळखीचे नाही. तरी गावकऱ्यांना आपल्या येण्याचे आश्चर्य वाटत नाही. पाराजवळचा म्हातारा विचारतो, "कुठले पाव्हणं?" आपण गाव सांगतो, आडनाव सांगतो, तो मान हलवतो. एवढाच आपला हक्क, आणि तो खराही असतो. लांबचा चाहता हा असाच एक कुळातला, फक्त त्याने आपले दैवत स्वतः, आणि बहुधा शर्टाच्या रंगावरून, निवडलेले असते. म्हणून मान हलवणारा म्हातारा भेटेल की नाही ही धाकधूक त्याला जास्त.

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून ब्लॅकबर्नला जाणारी गाडी बोल्टनमार्गे जाते. दोन डब्यांची गाडी, खिडकीबाहेर ओलसर हिरवे डोंगर, अधूनमधून विटांची उंच धुरांडी. ब्लॅकबर्नच्या अलीकडचे एक स्टेशन डार्वन. पाटी वाचून मी दचकलोच. 'डार्वन एंड' हे माझ्यासाठी मैदानाच्या एका बाजूचे नाव होते. ते डार्वनच्या दिशेला तोंड करून आहे, आणि डार्वन नावाचे खरोखरचे गाव आहे, जिथे माणसे छत्र्या घेऊन गाडीची वाट पाहत उभी राहतात, हे कधी मनातच आले नव्हते. मग दुसरी गोष्ट आठवली. 1931 च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी लँकेशरच्या गिरणीकामगारांना भेटायला आले ते याच डार्वनमध्ये. पंचा नेसलेले गांधीजी आणि भोवती हसणाऱ्या, हात उंचावलेल्या गिरणीतल्या बायका, हे छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. त्या बायकांच्या बेकारीला इतर कारणांबरोबर आपला बहिष्कारही कारण होता, आणि तरी त्या हसत होत्या.

ब्लॅकबर्नच्या मागांवर काय विणले जाई, याची माहिती मी घरून वाचून गेलो होतो, पण डार्वनच्या फलाटासमोर तिला वजन आले. ते गाव हिंदुस्थानासाठी धोतरे विणत असे. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस अडला तेव्हा या भागातल्या गिरण्या आपल्या कापसावर चालवायचा प्रयत्न झाला. वऱ्हाड-खानदेशचा असो की गुजरातचा, तिकडे त्या सगळ्याला 'सुरत' म्हणत. आखूड धाग्याचा, सतत तुटणारा. विणकर त्याला इतके कंटाळले की त्यांच्या बोलीत 'सुरत' हा शब्दच निकृष्ट मालाची शिवी झाला. शनिवारी दुपारी गिरणी लवकर सुटे, म्हणून सामने शनिवारी दुपारी. 1883 मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या दुसऱ्याच एका क्लबाने, ज्यात गिरणीतले कामगार खेळत, ईटनच्या सरदारपुत्रांच्या संघाला हरवून एफए कप उत्तरेत आणला. रोव्हर्स त्याच गावातला. त्याची स्थापना 1875 ची, तो ईवुड पार्कवर आला 1890 मध्ये. म्हणजे ज्या शनिवारांनी हा खेळ मोठा केला, त्या शनिवारांचा पगार काही अंशी आमच्या पणजोबांच्या धोतरांतून आलेला होता. मी तिथे पहिला आलेला लांबचा माणूस नव्हतो. आमच्याकडचा कापूस माझ्याआधी दीडशे वर्षे येऊन गेला होता, आणि त्याचे स्वागत काही बरे झाले नव्हते.

स्टेशनपासून मैदानापर्यंत बोल्टन रोडने अर्धा तास चालावे लागते. वाटेत विटांची बसकी घरे एकाला एक चिकटून. मध्येच हलाल मटणाचे दुकान, साड्या-सलवारींचे दुकान, मशिदीचा हिरवा घुमट. ब्लॅकबर्नची सुमारे एक तृतीयांश वस्ती दक्षिण आशियाई मुळांची आहे. गिरण्यांच्या शेवटच्या दिवसांत, 1960 च्या आसपास, रात्रपाळीला माणसे मिळेनात म्हणून गुजरात आणि पाकिस्तानातून आलेल्यांची ही मुले-नातवंडे. जामा मशीद, शहागंज, सिटी चौक पाहत वाढलेल्या माणसाला हा रस्ता परका वाटण्याचे कारण नव्हते. (2022 च्या मे महिन्यात याच ईवुड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली. ब्रिटनमधल्या फुटबॉल क्लबाच्या मैदानावर असे प्रथमच घडले.)

मैदान एकदम समोर येत नाही. घरांच्या छपरांमागून आधी स्टँडचे लोखंड दिसते. ब्लॅकबर्न एंडच्या बाहेर जॅक वॉकर यांचा पुतळा आहे. मी त्याच्याजवळ थांबलो, पण माझ्याआधी तिथे आलेले कुणी थांबत नव्हते. ते पुतळ्याला वळसा घालून आत जात होते, जसे आपण शहागंजच्या घड्याळाखालून जातो. आयुष्यभर अजिंठ्यापासून शंभर किलोमीटरवर राहिलेल्या मला ही नजर ओळखीची होती. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर डोळे भरून आलेले जपानी यात्रेकरू मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागे उभा राहून सहलीची बस किती वाजता सुटणार याची चौकशीही केली आहे. आता मी त्या यात्रेकरूंच्या जागी होतो.

तिकीट सहज मिळाले, आणि ते का सहज मिळाले हे आत गेल्यावर कळले. मी रिव्हरसाइड स्टँडमध्ये होतो. नावाप्रमाणे मागून डार्वन नदी जाते. नदी कसली, आमच्या खाम नदीची धाकटी बहीण. समोर एकतीस हजारांच्या वर खुर्च्या आणि निम्म्याहून अधिक रिकाम्या. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, रिकाम्या खुर्च्यांवर तो थांबत नाही. मी इतकी वर्षे जे मैदान पाहत आलो होतो ते नेहमी भरलेले होते. माझ्या डावीकडे तीन खुर्च्या मोकळ्या आणि पलीकडे सत्तरीचा एक गृहस्थ, पायांवर जाड पांघरूण, हातात थर्मास. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "कुठले तुम्ही?"

मी म्हणालो, "भारतातून आलो आहे."

त्यांनी जरा थांबून विचारले, "पुणे?"

हा प्रश्न येणार हे मला विमानात बसण्यापूर्वीपासून ठाऊक होते, आणि उत्तर मी तयार ठेवले होते. पुणे नव्हे, पुण्यापासून दोनशे पस्तीस किलोमीटर. ते मी जरा जास्तच ठामपणे सांगितले. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि हसून म्हणाले, "मग शेजारीच की."

सात हजार किलोमीटरवरून पाहिले तर शेजारीच. मला त्यावर बोलता आले नाही. मालकांविषयी पुढचे दोन तास ते एक शब्दही बोलले नाहीत. मध्यंतरात मात्र त्यांनी त्या तीन मोकळ्या खुर्च्यांची ओळख करून दिली, माणसांची करून द्यावी तशी. ही मेहुण्याची, ही त्याच्या मुलीची, ही कारखान्यात सोबत काम केलेल्या मित्राची. 2012 पासून येत नाहीत. मी विचारले, आजारी असतात का? "छे, घरी आहेत. रेडिओ ऐकत असतील." त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. "ठरवून येत नाहीत."

माझ्या त्या प्रवासात मिळालेली खरी गोष्ट कोणती असेल तर ही. मी येणे ही निष्ठेची कसोटी मानत होतो. सोळा-सतरा वर्षांची बचत, रजा, व्हिसा, थंडी, आणि अखेर ती खुर्ची. आणि तिथे त्या मैदानापासून दहा मिनिटांवर राहणारी, बापाचा हात धरून लहानपणी पहिल्यांदा आलेली माणसे, न येऊन आपली निष्ठा सांगत होती. त्यांचे न येणे ऐकू येत होते. संपाच्या काळात गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्यांना ओलांडून जो आत जातो त्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते 1982 चा मुंबईचा संप आठवणाऱ्या वाचकांना सांगायला नको. मी तो तर नव्हतो? माझ्या तिकिटाच्या पैशांनी त्या तीन रिकाम्या खुर्च्यांचे म्हणणे थोडे कमी ऐकू गेले असणार. मी तो प्रश्न त्या गृहस्थांना विचारला, जमेल तितक्या सौम्य इंग्रजीत. ते म्हणाले, "पाहुण्यांना तो नियम नसतो."

हे वाक्य मी खूप दिवस मनात घोळवले. त्यात आदरातिथ्य होते आणि त्याच वेळी एक रेघही होती. पाहुणा आहेस, म्हणून तुझ्या येण्याला दोष नाही. आणि पाहुणा आहेस, म्हणून तुझ्या न येण्याला अर्थही नाही. वीस वर्षे मी आलो नव्हतो, ते ब्लॅकबर्नमध्ये कुणाच्याही ध्यानात आले नव्हते. घरातल्याच माणसाला रुसता येते. 'होम ग्राउंड' या शब्दातले घर कुणाचे, हा प्रश्न टीव्हीसमोर पडत नाही. तिथे गेल्यावर पहिला पडतो.

आणि मग मालकांविषयीची ती 'भाबडी' तक्रार मला वेगळी दिसू लागली. ज्याच्या नावावर घर आहे तो त्या घरातला आहे की पाहुणा, हेच गावाला कळत नव्हते. त्याने यावे, खुर्चीत बसावे, शिव्या पडल्या तर त्या तोंडावर ऐकाव्यात, एवढे झाले असते तर हरणे थांबले नसते, पण हरण्यात तो सोबत आहे हे दिसले असते. जॅक वॉकर यांच्या पैशाबद्दलही तेव्हा इंग्लंडात नाके मुरडली गेली होती. विकत घेतलेले विजेतेपद म्हणून हिणवले गेले होते. ब्लॅकबर्नने त्यांचा पुतळा उभारला, कारण ते तिथे बसत आणि विजेतेपद मिळाले तेव्हा सगळ्यांदेखत रडले. माझ्या मते गावे पैसा विसरतात आणि हजेरी लक्षात ठेवतात. हे मत एका सामन्याच्या आणि एका झाकणभर चहाच्या आधारावर बनलेले आहे, हे मी नाकारत नाही.

कोल्हापूरकरांना यातले काहीच नवे वाटणार नाही. शाहू स्टेडियम कुणा एका क्लबाचे घर नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशी तालमींची नावे मिरवणारे सगळे संघ तिथेच खेळतात, आणि प्रेक्षक पेठांमधून चालत येतात. तिथे गेलेल्या परगावच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत "कुठल्या पेठेतले?" असे विचारतात. त्याच पेठा विश्वचषक आला की ब्राझील-अर्जेंटिनाची पोस्टरे लावतात, भांडतात, फटाके उडवतात. लांबचे प्रेम आणि जवळचे प्रेम यांत त्यांची गल्लत होत नाही. आमच्या शहरात तशी सोय नव्हती, असे मी अनेक वर्षे सांगत आलो. ते खोटे आहे. जामा मशिदीजवळच्या आमखास मैदानावर फुटबॉल खेळला जात होता. मी त्याच्या बाजूने कॉलेजला जात असे. 2014 नंतर तिथे दोनदा गेलो. जाऊन निष्ठावान झालो, असे मात्र नाही. कुठला शर्ट आपला हेच ठरेना.

ईवुड पार्कवरच्या त्या सामन्याविषयी मी मुद्दाम काही लिहिलेले नाही, कारण फारसे आठवत नाही. पाय गोठले होते, आणि चेंडू माझ्यापासून किती हळू जातो आहे याचे आश्चर्य वाटत होते. शेवटची शिट्टी झाल्यावर त्या गृहस्थांनी थर्मास पिशवीत घातला, पांघरुणाची घडी केली, त्या तीन खुर्च्यांच्या बाजूने सावकाश सरकत माझ्यापर्यंत आले. हात पुढे केला. पुढचा घरचा सामना दोन आठवड्यांनी होता. "पुढच्या वेळी भेटूच," असे ते सवयीने बोलून गेले, मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन थबकले.

मी म्हणालो, "हो, भेटू."